बरणीतलं चौल

संगणकवाल्यांनी आजवर जी जी नावं ठेवली, त्यांत स्वयंपाकघरात बसून ठेवलेलं वाटावं असं मला एकच सापडलं आहे. पायथन नावाची संगणकाची एक भाषा आहे. गीदो व्हान रॉसम नावाच्या डच गृहस्थांनी ती १९९१ साली लोकांपुढे ठेवली. नाव ऐकून अजगर आठवतो, पण ते ठेवलंय 'मॉन्टी पायथन' या इंग्रजी विनोदी मंडळींवरून. म्हणजे घराणं तसं आमच्याच गोत्रातलं. तर या भाषेत आपला माल बांधून जपून ठेवायची जी सोय आहे, तिचं अधिकृत नाव 'पिकल'. पिकल म्हणजे लोणचं! आणि अशी लोणची ओळीनं मांडून ठेवायची जी दुसरी सोय, तिचं नाव 'शेल्व्ह', म्हणजे फडताळ. रुबी नावाच्या भाषेत याच कामाला 'मार्शल' म्हणतात. त्यात लष्करी खाक्या आहे, पण चव नाही. पर्लवाल्यांनी 'गोठव' आणि 'वितळव' असे हुकूम काढले. ते फ्रिज आल्यानंतरचे लोक. लोणचं म्हटल्यावर मात्र माझ्यासारख्या कोकणातल्या माणसाला विषय निम्मा कळतो.

उरलेला निम्मा पुतणीनं समजावला. ती पुण्याला याच धंद्यात आहे. "काका, प्रोग्रॅम चालू असताना वस्तू मेमरीत असते," ती म्हणाली, "पण ती एका जागी नसते हो. थोडी इथे, थोडी तिथे, आणि एक तुकडा दुसऱ्याचा पत्ता सांगत बसलेला. प्रोग्रॅम संपला की सगळं गेलं. म्हणून ते सगळं गोळा करून अक्षरांच्या एका सरळ ओळीत बसवायचं. ओळ फाइलीत ठेवा, नाहीतर तारेवरून अमेरिकेला पाठवा. पलीकडच्यानं ती उलगडून पुन्हा वस्तू उभी करायची. याला म्हणतात सिरियलायझेशन." म्हणजे झाडावरची कैरी पावसापूर्वी उतरवून, फोडी करून, मीठ, मोहरी आणि तेलात घालून दादरा बांधायचा, आणि पौषात काढून 'ही आमच्या वाडीतली' म्हणून पाहुण्याच्या पानात वाढायची. इथपर्यंत काही अडचण नव्हती.

अडचण पुढे आली. मी विचारलं, "मग त्या ओळीत सगळं असतं का?" ती म्हणाली, "छे! घोडा नावाचा क्लास असला, क्लास म्हणजे साचा, तर लोणच्यात फक्त लिहिलेलं असतं की ही वस्तू घोडा जातीची, किंमत शंभर, वय चार. घोडा म्हणजे काय, तो काय काय करतो, हे त्यात नसतं. ते ज्याच्याकडे उलगडायचं त्याच्याकडे आधीपासून असावं लागतं. नसलं तर पायथन सरळ हात वर करतो."

म्हणजे बरणीत लोणचं आहे, पण पाककृती बरणीत नाही. हे ऐकल्याबरोबर मला आमच्या रेवदंड्याच्या शाळेच्या आवारातला तो स्तंभ आठवला आणि पुतणीला म्हटलं, "अगं, या प्रकरणाला साडेपाचशे वर्षं झाली."

तो स्तंभ अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचा. हा गडी मूळचा त्वेर गावचा. व्होल्गा नदीतून मालाची नाव घेऊन निघाला आणि अस्त्राखानजवळ लुटला गेला. परत जावं तर डोक्यावर कर्ज. तेव्हा पुढेच जाणं परवडेल असा हिशेब करून तो दर्बंद, बाकू, इराण करत होर्मुझला पोचला. तिथे एक घोडा घेतला, जहाजावर चढवला आणि १४६९ च्या सुमारास सहा आठवड्यांचा दर्यातला प्रवास करून चौलला उतरला. चौल आणि रेवदंडा यांत त्या वेळी आजच्यासारखा ग्रामपंचायतीचा भेद नव्हता. एकाच बंदराची ही वरची आणि खालची अंगं. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ साली. म्हणजे आमचा पाहुणा त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधीचा. त्याच्याजवळ तोफ नव्हती म्हणून पाठ्यपुस्तकात जागा कमी मिळाली.

निकितिननं जे पाहिलं ते वह्यांत लिहून काढलं. या वह्या म्हणजेच माझ्या मते आमच्या गावाचं पहिलं मोठं लोणचं. चौलची अख्खी बाजारपेठ, माणसं, हवा, हे सगळं रशियन अक्षरांच्या ओळीत बसवायचं होतं. चौलचं त्यानं केलं 'चिविल'. जुन्नरचं झालं 'चुनेर'. ज्या जहाजातून आला त्याला तो म्हणतो 'तावा'. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच होर्मुझहून घोड्यांसकट पोळ्यांच्या तव्यावर बसून येणारा रशियन उभा राहतो. यात दोष लिहिणाऱ्याचा नाही. आपल्याकडचा साचा वेगळा आहे, इतकंच.

चौलच्या लोकांबद्दल त्यानं लिहिलं आहे की, हे लोक उघडेच हिंडतात, डोकीवर काही घेत नाहीत, केसांची एकच वेणी घालतात, सगळ्यांची पोटं मोठी असतात आणि दर वर्षी मूल होतं. यातली पोटांची नोंद आजच्या आमच्या आळीतल्या कोणत्याही पुरुषाला लावून पाहावी. साचा तंतोतंत बसतो. मी कुठेही गेलो तरी गोऱ्या माणसाला बघायला लोक मागे मागे येतात, असंही तो सांगतो. यात गोरेपणाचा संबंध त्याला वाटला तेवढा नसावा. रेवदंड्याच्या एस्टी स्टॅंडवर आजही अनोळखी माणूस उतरला की तो कोणाकडे उतरणार हे कळेपर्यंत चार माणसांचा जीव थाऱ्यावर नसतो.

खरी गंमत पुढे आहे. निकितिन लिहितो की या देशात वानरांचा एक राजपुत्र असतो, त्याच्याजवळ सैन्य असतं. वानरांना कुणी त्रास दिला तर ती त्याच्याकडे तक्रार नेतात, मग तो सैन्य पाठवून त्या माणसाचं घरदार मोडून टाकतो. कुणीतरी त्याला भक्तिभावानं मारुतीरायाची, लंकेची, वानरसेनेची गोष्ट सांगितली असणार. त्यानं ती इमानानं लिहून घेतली. पण रामायण नावाचा क्लास त्याच्याकडे नव्हता. म्हणून मारुतीराय उलगडले ते जंगलखात्याचे कडक अधिकारी होऊन. पुढे तो ज्या तीर्थाला 'पर्वत' म्हणतो, आणि अभ्यासक ज्याला श्रीशैल मानतात, तिथे त्यानं एक मोठी पाषाणमूर्ती पाहिली. उजवा हात वर उचललेला. आता हा हात रशियातल्या वाचकाला कसा कळवायचा? त्यानं लिहिलं, कॉन्स्टँटिनोपलच्या जस्टिनियन बादशहासारखा. तिथल्या पुतळ्याचा हात तसा होता. खिचडीचंही तेच. इथले लोक खिचडी लोण्यातुपाशी खातात हे त्यानं लिहिलं, आणि घोड्यांना साखर घालून खिचडी चारतात हेही लिहिलं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचणाऱ्या मॉस्कोतल्या गृहस्थांनी आपल्याबद्दल काय ग्रह करून घेतला असेल, तो विचार मी करत नाही.

पायथन बरा. साचा नसला तर तो अडून बसतो. माणूस अडत नाही. आपल्याकडचा जवळचा साचा काढतो आणि त्यात कोंबतो.

साध्या मालाचं काय, असं मी पुतणीला विचारलं. घोडे, मारुती, खिचडी राहू देत. नुसते आकडे, नुसती नावं, हो-नाही, एवढं तरी सुखरूप जातं ना? ती हसली. हल्ली सगळीकडे चालतो तो बांधणीचा प्रकार म्हणजे जेसन. डग्लस क्रॉकफर्ड नावाच्या अमेरिकन माणसानं तो या शतकाच्या सुरुवातीला पुढे आणला. त्यात आकडा बसतो, अक्षरं बसतात, खरं-खोटं बसतं, 'काही नाही' हेसुद्धा बसतं, यादी बसते आणि नावानिशी मांडलेली जंत्री बसते. मोजका संसार, एका पिशवीत मावणारा. पण जी गोष्ट आकडा आहे की अक्षर हे ठरवावं लागतं, तिथे माणसं घसरतात. आमच्या भागाचा टेलिफोनचा कोड ०२१४१. एका कचेरीच्या यंत्रानं त्याला आकडा समजून पुढचं शून्य काढून टाकलं. हिशेबाच्या दृष्टीनं यंत्राचं काही चुकलं नाही, शून्याला किंमत नसते. पण त्या शून्यावाचून रेवदंड्याला फोन लागत नाही.

आणि जेसनमध्ये तारीख नाही. हे ऐकून मी चकित झालो. आकडे आहेत, अक्षरं आहेत, पण तारीख म्हणून तारीख नाही. पायथनमधून तारीख तशीच जेसनमध्ये घालायला गेलं तर तो नकार देतो. मग लोक तिची अक्षरं करून पाठवतात. पलीकडे पोचते ती नुसती अक्षरं. ती तारीख आहे हे पलीकडच्यानं आपणहून ओळखायचं.

निकितिनचं सगळ्यात मोठं दुःख हेच होतं. अस्त्राखानजवळ लुटारूंनी मालाबरोबर त्याची धर्माची पुस्तकंही नेली. सण कधी, उपास कधी, हे काढायचं साधन गेलं. या परक्या मुलखात त्याला ईस्टर कधी येतो ते कळेना, नाताळ कळेना, उपासाचे बुधवार आणि शुक्रवारही हातून सुटले. दिवस उगवत होते आणि मावळत होते. त्यांना नाव राहिलं नव्हतं. शेवटी मुसलमानांच्या सणावरून आपला ईस्टर किती दिवस आधी येत असेल याचा तो अंदाज बांधू लागला. त्यांच्या उपासांत त्यांच्याबरोबर उपास करू लागला. जुन्नरला असदखानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलं की, धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा. नाही बदललास तर घोडाही माझा आणि हजार मोहरा तुझ्याकडूनच वसूल करणार. मुदत दिली चार दिवसांची. खोजा महंमद नावाच्या खुरासानी माणसानं रदबदली केली म्हणून घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. पण ज्याला आपला शुक्रवार कोणता हे आठवत नाही, त्या माणसाला धर्म सांभाळणं घोडा सांभाळण्यापेक्षा अवघड जात होतं, हे त्याच्या लिहिण्यात पानोपानी दिसतं.

इथे मला आमच्याच किनाऱ्यावरची दुसरी माणसं आठवतात. बेने इस्रायल समाजाची परंपरा अशी सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. सात पुरुष, सात बायका. धर्मग्रंथ समुद्रात गेले. राहिली ती एक प्रार्थना तोंडपाठ, काही रीतिरिवाज आणि शनिवार. पुढे ही मंडळी तेलाचे घाणे चालवू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागली. म्हणून गावानं नाव ठेवलं 'शनवार तेली'. शिकल्यासवरल्या निकितिनचा शुक्रवार दोन-चार वर्षांत हरवला, आणि यांचा शनिवार शेकडो वर्षं टिकला! मला याचं कारण दिसतं ते असं की यांनी तो कागदावर ठेवलाच नव्हता, घाण्याच्या बैलाच्या विश्रांतीत ठेवला होता. बैल काही विसरू देत नाही. १९४८ नंतर यातले बरेचजण इस्रायलला गेले. रेवदंड्यात त्यांचं सिनेगॉग आहे.

एक गोष्ट मात्र पिकलमध्ये फार मजेची आहे. नवरा या वस्तूत बायकोचा पत्ता आणि बायको या वस्तूत नवऱ्याचा, असं असलं तर साधा बांधणारा गोल गोल फिरत राहील. पायथनमध्ये जेसन बांधायला गेलं तर 'हे वर्तुळ आहे' म्हणून काम बंद पडतं. पिकल तसं करत नाही. एकदा लिहिलेली वस्तू पुन्हा आली की ते नाव घेत नाही. 'मघाशी आलेले ते' एवढीच खूण करतं. आमच्या आजीनं साठ वर्षांचा संसार याच पद्धतीनं केला.

नावांवरून आठवलं. आमच्या शेजारच्या या एका चौलला लोकांनी किती साच्यांत बसवलं पाहा. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखात ते चेमुल आहे. ग्रीक दर्यावर्दी त्याला सेमिल्ला म्हणत, टॉलेमी सिमिल्ला म्हणतो. अरबांनी सैमूर केलं. दहाव्या शतकात अल्-मसूदी येऊन ते पाहून गेला. मग निकितिनचं चिविल आणि पोर्तुगीजांचं शौल. प्रत्येकानं आपल्या कानाला लागलं ते आपल्या अक्षरांत घातलं. आता पीएचपी नावाची एक भाषा आहे, तिच्यात 'रेवदंडा' हा शब्द बांधायला दिला की आधी त्याची लांबी लिहिली जाते, आणि ती येते २१! मला वाटलं, यंत्राला मोजता येत नाही. पण र, मात्रा, व, द, अनुस्वार, ड आणि काना अशा सात खुणा, आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट. इंग्रजीत लिहिलं तर आठांत भागतं. आपली लिपी जरा जागा खाते, पोटाप्रमाणेच. आणि त्या बांधलेल्या ओळीत मध्येच कुणी हातानं एक काना गाळला, तर एकवीसचे अठरा होतात आणि पीएचपी सगळीच बरणी नापास करते.

पायथनचं कागदपत्र एक इशारा ठळकपणे देतं: ज्याच्यावर विश्वास नाही त्याचं लोणचं उघडू नका. कारण बरणीत नुसता माल नसतो. उघडताच काहीतरी करून टाकणाऱ्या सूचनाही कुणी आत भरून ठेवू शकतो. हा इशारा अहमदनगरच्या निजामशाहीला वेळेत मिळाला असता तर बरं झालं असतं. पोर्तुगीजांना १५१६ साली मिळाली ती व्यापाराच्या वखारीची सोय. १५२१ साली त्याच बरणीतून किल्ल्याची भिंत बाहेर यायला लागली. निजामशहानं १५७० मध्ये मोठा वेढा घातला, पण ते परत बरणीत जाईनात. रेवदंडा त्यांच्याकडून मराठ्यांकडे यायला १७४० उजाडलं. आज किल्ल्याच्या तटाआत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि सातखणी मनोऱ्याचे जेवढे खण राहिलेत तेवढे मोजत शाळेच्या सहली फिरतात.

पोर्तुगीज गेले, पण सगळं काही गेलं नाही. खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत एक बोली बोलतात, तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्य मराठीच्या वळणाचं, क्रियापद शेवटी. १७४० नंतर पोर्तुगालशी संबंध तुटला, आणि आजूबाजूला सगळी मराठी. तरी बोली घरात राहिली. बोलणारी माणसं हजाराच्या आतबाहेर. तिला लिखाणाची परंपरा नाही. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं तिचा अभ्यास करून १९९६ साली पुस्तक काढलं. आता ध्वनिमुद्रणं होतील, शब्दांच्या याद्या होतील, व्हायलाच हव्यात. पण मी पुतणीला विचारलं, "समज हे सगळं तुझ्या जेसनमध्ये नीट बसवलं. शंभर वर्षांनी कुणी उलगडलं, तर काय मिळेल?"

"शब्द मिळतील," ती म्हणाली. मग जरा थांबून, "क्लास नाही मिळायचा, काका. तो बोलणाऱ्यांच्यातच असतो."

मुलं मराठी शाळेत जातात. घरी आल्यावर आजीशी कोणत्या भाषेत भांडतात, त्यावर सगळं आहे.

निकितिन घरी पोचला नाही. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. वह्या मात्र व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या आणि तिसऱ्या इव्हानच्या दरबारचे चिटणीस वसिली मामिरेव यांच्या हाती दिल्या. १४७५ च्या नोंदीत त्या बखरीत गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला करमझिन या इतिहासकाराला त्यांची एक प्रत मठात सापडली, आणि १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांनी त्यावरून 'परदेसी' नावाचा बोलपट काढला. त्यात नर्गिस होती. निकितिनच्या वह्यांत कुठेही नर्गिस नाही, पण बोलपटवाल्यांनी उलगडताना आपल्याकडचा साचा वापरला.

त्या वह्यांची एक गोष्ट मला सगळ्यात आवडते. मजकूर रशियन, पण मध्येच तुर्की, फारसी, अरबी शब्द रशियन अक्षरांत येतात. बाजारातल्या बायकांचे भाव वगैरे घरच्यांनी वाचू नये असा मजकूर तर त्यानं धूर्तपणे तुर्कीतच घातला आहे. शेवटच्या पानावर प्रार्थना आहे. ती अरबी, कुराणातल्या ओळी आणि ईश्वराची नावं, सगळी रशियन अक्षरांत. मठातल्या साधूंनी पुढे या वह्यांच्या नकला केल्या. आपण काय उतरवतो आहोत हे त्या बिचाऱ्यांना कळत नव्हतं. कळलं असतं तर हातातली लेखणी गळून पडली असती. नकलांत अक्षरं थोडी इकडची तिकडे झाली. पण मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी एकेक अक्षर तसंच खाली उतरवत नेलं, आणि चार शतकांनंतर अरबी जाणणाऱ्यांनी ते पान मोठ्यानं वाचलं तेव्हा त्यांना अर्थ लागला.